खटक्याची पावती



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हसूं येईल. गड, लढाया, तहनामे हे इतिहासाचे नेहमींचे विषय. त्यांच्या पंक्तीस टाइपरायटरची आणि संगणकाची कळ नेऊन बसवावयाची, म्हणजे जरा धाडसच. तथापि ज्या वस्तूवर लाखों माणसांचीं बोटें दिवसांतून सहा सहा, आठ आठ तास चालतात, त्या वस्तूलाही इतिहास असतो. आणि तो कोणत्याही तहनाम्यापेक्षां आपल्या घराच्या अधिक जवळ येऊन बसलेला असतो. माझ्या घरीं तो कसा आला, तेथूनच आरंभ करतों.

मी मॅट्रिक होऊन मास्तर झालेला मनुष्य. उभी नोकरी धुळें जिल्ह्यांतील शाळांत झाली. निवृत्तीनंतर जळगांवीं मुलाकडे राहतों. घर बेताचें, भिंती पातळ. सूनबाई घरींच बसून एका कचेरीचें काम संगणकावर करते, आणि तें बहुधा रात्रीं चालतें. गेल्या हिवाळ्यांत तिनें गोलाणी मार्केटांतून एक नवा कळफलक आणला. त्याची कळ दाबतांच अडकित्त्यांत सुपारी कातरावी तसा स्पष्ट खटका उडे. तान्ही नात झोपेंतून दचकूं लागली. मुलगा म्हणाला, हा देऊन टाक आणि साधा मुका कळफलक घे. सून म्हणाली, मुक्या कळफलकावर माझीं बोटें दुखतात आणि चुका दुप्पट होतात. यावर लिहितांना पडद्याकडे पाहावेंसुद्धां लागत नाहीं. वाद वाढूं लागला, तेव्हां ती मजकडे वळून म्हणाली, "आप्पा, तुम्ही तर टायपिंगची परीक्षा दिलेली आहे. तुम्हीच सांगा, आवाज हवा कीं नको?"

प्रश्न सोपा दिसला, पण उत्तर देतां येईना. ज्या आवाजाविषयीं ती विचारीत होती, तो मीं जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीं धुळ्याच्या एका गल्लींत ऐकला होता. आणि तो आवाज नाहींसा झाल्यामुळें माझ्या सख्ख्या वडील भावाचा धंदा बसलेलाही मीं पाहिला होता. म्हणून पंचाचा निकाल देण्यापूर्वीं थोडें मागें जाऊन पाहावें असें ठरविलें. जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवतों.

लिहिण्याच्या कोणत्याही यंत्राची पारख तीन गोष्टींवरून करावी लागते: त्याचा आवाज किती, बोटास लागणारा त्याचा स्पर्श कसा, आणि दिवसभराच्या कामानंतर हातास स्वास्थ्य किती उरतें. या तिहींच्या मुळाशीं एक चौथी गोष्ट आहे. आपण काढलेलें अक्षर खरोखर उमटलें, याची लिहिणाऱ्यास पावती मिळावी लागते. ही पावती कधीं डोळ्यास मिळते, कधीं कानास, कधीं बोटास. लेखनयंत्रांचा दीडशें वर्षांचा इतिहास म्हणजे ही पावती एका इंद्रियाकडून दुसऱ्याकडे कशी फिरत गेली याचा इतिहास होय, असें मला वाटतें.

यंत्रापूर्वीं ती डोळ्यापाशीं होती. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले, आणि पुढच्या वर्षीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें. अशा संस्थांनीं जपलेले जुने मोडी कागद ज्यांनीं पाहिले असतील, त्यांनीं त्या कारकुनाची मूर्ति डोळ्यांपुढें आणावी. त्याचा बोरू कागदावर कुरकुरत असेल, पण त्या कुरकुरण्यास कांहीं अर्थ नव्हता. ओली शाई नजरेसमोर उमटत होती. तेवढी पावती त्यास पुरे होती.

कानाची पावती खानदेशांत आली ती आगगाडीबरोबर. १८६० नंतरच्या दशकांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग आमच्या प्रांतांतून गेला आणि भुसावळ हें तिचें मोठें ठाणें झालें. ठाण्याठाण्यावर तारयंत्र बसलें. त्याची पितळी दांडी कट्ट, कडकट्ट अशी वाजूं लागली, कीं बाकावर बसलेल्या उतारूस तो नुसता खडखडाट वाटे; तारमास्तर मात्र त्याच खडखडाटांत नांवें, आंकडे आणि कोणाच्या घरची मृत्यूची वार्ता ऐकत असे. येथें आवाज हा कामाचा अडथळा नव्हता. काम म्हणतात तें त्या आवाजांतच होतें. आपल्या देशांतील ही तारसेवा जुलै २०१३ मध्यें कायमची बंद झाली.

टाइपरायटरचा जन्म अमेरिकेंतला. मिलवॉकी शहरांतील ख्रिस्तोफर शोल्स यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १८६८ सालीं त्याचें पेटंट घेतलें, आणि बंदुका व शिवणयंत्रें तयार करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालीं तें बाजारांत आणलें. पहिल्या यंत्रावर केवळ मोठीं इंग्रजी अक्षरें होतीं; १८७८ च्या दुसऱ्या नमुन्यांत शिफ्टची कळ आली आणि लहान अक्षरेंही लिहितां येऊं लागलीं. गंमत अशी, कीं या आरंभींच्या यंत्रांत खिळे रुळाच्या खालच्या अंगास जाऊन आपटत. त्यामुळें आपण काय लिहिलें तें लिहिणाऱ्यास तत्काळ दिसतच नसे. कागद कांहीं ओळी वर सरकावा, तेव्हां तें दृष्टीस पडावयाचें. बोरूच्या काळापासून चालत आलेली डोळ्याची पावती येथें बंद पडली. राहिलीं तीं बोटें आणि कान.

परंतु उणें वाटलें तेंच कालांतरानें गुण ठरलें. जुलै १८८८ मध्यें सिनसिनाटी येथें एक जाहीर स्पर्धा झाली. तींत फ्रँक मॅकगरिन या कोर्टांतील लघुलेखकानें कळांकडे मुळींच न पाहतां लिहून लुई ट्रॉब या नामांकित प्रतिस्पर्ध्यास हरविलें, आणि तेव्हांपासून न पाहतां टंकलेखन करण्याच्या पद्धतीची ख्याति पसरली. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभास अंडरवुडसारख्या यंत्रांत खिळा समोरून आपटूं लागला आणि अक्षर पुन्हां दिसूं लागलें. पण तोंवर निष्णात टंकलेखकाचा डोळा मोकळा झाला होता. तो डोळा बाजूच्या मसुद्यावर असे. अक्षर उमटल्याची खात्री कान करून घेत.

हा आवाज कसा होई तेंही सांगावयास हवें. कळ सुमारें दीड सेंटिमीटर खालीं जाते. तरफांच्या योगानें खिळ्याची दांडी उडून फितीवर आपटते. आणि त्याच वेळीं कागदाची गाडी एक घर डावीकडे सरकते. म्हणजे एका अक्षरास दोन आवाज: खिळ्याची थाप आणि गाडीचा टिक. ओळ संपत आली, कीं तिसरा आवाज घंटेचा. थाप हलकी पडली तर अक्षर फिकें, दोन थापा एकदम पडल्या तर दांड्या अडकल्या. हें सारें पाहावें लागत नसे, ऐकूं येत असे.

आपल्या लिपीस हें यंत्र लावणें मात्र सोपें नव्हतें. छापखान्यांत देवनागरीचे शेंकडों खिळे लागत. टाइपरायटरवर कळा पंचेचाळिसांच्या आसपास, म्हणजे शिफ्ट धरून नव्वदांच्या घरांत चिन्हें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत रेमिंग्टनसारख्या कंपन्यांनीं देवनागरी यंत्रें काढलीं, त्यांत तोड अशी केली कीं, अर्धें अक्षर निराळें आणि काना निराळा. अर्ध्या 'ग'स काना जोडला कीं पुरा 'ग' झाला. ह्रस्व वेलांटी उच्चारांत नंतर येते, पण कागदावर आधीं दिसते. म्हणून ती आधीं मारावयाची. मात्रा, उकार, अनुस्वार यांच्या कांहीं कळा अशा, कीं त्या मारल्या तरी गाडी जागची हलत नसे. टायपिंगच्या वर्गांत त्यांस 'डेड की' म्हणत. त्यांची थाप पडे, पण टिक होत नसे. येणेंप्रमाणें मराठी टंकलेखकाच्या कानास इंग्रजीहून एक अधिक भेद शिकावा लागला. लिपीचा हा भार हलका व्हावा म्हणून सावरकरांनीं 'अ'ची बाराखडी पुरस्कारिली, काका कालेलकर प्रभृतींनीं लिपिसुधारणेचे प्रयत्न केले. परंतु सामान्य टंकलेखकानें तो भार शेवटीं आपल्या बोटांवर आणि कानांवरच उचलला.

आतां खानदेशाकडे वळूं. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. १९०६ सालापासूनचे पूर्व व पश्चिम खानदेश पुढें जळगांव आणि धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले. १९६४ सालीं महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम झाला आणि कचेऱ्यांचा कारभार मराठींत आणण्याची खटपट सुरू झाली. ज्या घरांत बोलणें अहिराणींत चाले आणि पुस्तकी मराठी शाळेंतच काय ती ऐकूं येई, अशा शेतकऱ्यांच्या मुलांना त्यामुळें एक नवें दार उघडलें. मिनिटास मराठी तीस शब्द लिहून दाखवा, म्हणजे कारकुनीचा अर्ज तरी करतां येईल. गल्लोगल्लीं टायपिंगचे वर्ग निघाले. इंग्रजी यंत्रें परदेशी कंपन्यांचीं असत. परंतु १९५५ सालीं मुंबईस गोदरेज कंपनीनें स्वदेशी टाइपरायटर तयार केला होता, आणि पुढें वर्गावर्गांतून आणि कचेऱ्यांतून त्याच कंपनीचीं मराठी यंत्रें दिसूं लागलीं.

१९७७ सालीं मॅट्रिक झाल्यावर मी आणि माझे थोरले बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, असे दोघेही धुळ्यांतील अशाच एका वर्गांत जाऊं लागलों. वर पत्रे, खालीं दहा यंत्रें. वैशाखांत त्या खोलींत बसणें म्हणजे भट्टींत बसणें. जुन्या यंत्रांच्या रुळाचें रबर वयोमानानें दगडासारखें झालेलें. त्यामुळें थाप अधिकच कडक वाजे. सरांनीं प्रत्येक यंत्राखालीं जाड नमदा घातला होता, तरी रस्त्यावर उभें राहिल्यास आंत पाऊस पडतो आहे असें वाटे. आणि या पावसांत सर डोळे मिटून खुर्चींत बसत. मधूनच म्हणत, "तिसरें यंत्र, करंगळी कच्ची पडते!" तिसऱ्या यंत्रावर मी असें, आणि करंगळी खरोखरच कच्ची असे. दहा यंत्रांच्या कोलाहलांत एका करंगळीची थाप त्यांस वेगळी ऐकूं येत होती. मास्तरकी करतांना पुढें वर्गांतील गलबल्यांत एखाद्या मुलाचा चुकलेला पाढा मला ऐकूं येऊं लागला, तेव्हां त्या कानाचें मर्म मला कळलें.

परीक्षेचा दिवस मी विसरलों नाहीं. वर्गाचीं यंत्रें हातगाडीवर घालून, दोऱ्यांनीं बांधून, आम्ही केंद्रावर नेलीं. ऐन वेळीं माझें यंत्र अडकलें आणि मला कोणा दुसऱ्याचें देण्यांत आलें. त्याच्या कळा इतक्या जड, कीं करंगळीचीं सारीं अक्षरें फिकीं उमटलीं. ज्या ठिकाणीं थाप ऐकूं यावयाची तेथें ऐकूं येईना आणि मी घाबरून गतीच हरवून बसलों. नापास झालों. सहा महिन्यांनीं उत्तीर्ण झालों खरा, पण तोंवर शिक्षकाच्या प्रशिक्षणास नांव लागलें होतें. त्या दिवशीं एक गोष्ट पक्की समजली: हात यंत्राशीं लग्न लावतो, आणि हें लग्न स्पर्श व आवाज या दोन साक्षीदारांदेखत लागलेलें असतें. दादा पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाले. नोकरी त्यांस मिळाली नाहीं; पण त्यांनीं एक जुनें यंत्र विकत घेतलें आणि कचेरीबाहेर निंबाखालीं टेबल मांडून अर्ज, प्रतिज्ञापत्रें, करारनामे लिहून देण्याचा धंदा आरंभिला. तीसहून अधिक वर्षें त्यावर त्यांचें घर चाललें.

आवाजाविरुद्ध तक्रार त्या काळींही होती, हें येथें सांगावयास हवें. साहेबाच्या खोलीबाहेर चार यंत्रें धडधडूं लागलीं, कीं साहेबाचें डोकें दुखे. अमेरिकेंत यावर उपाय म्हणून 'नॉइझलेस', म्हणजे निःशब्द, नांवाचें यंत्र निघालें. १९२४ सालीं ती कंपनी रेमिंग्टनमध्यें मिळाली. त्यांत खिळा कागदावर आपटत नसे. अगदीं जवळ येऊन थांबे आणि मग कागदावर दाबला जाई. युक्ति नामी होती. तरीसुद्धां खडखडणाऱ्या साध्या यंत्रांस तें हटवूं शकलें नाहीं. दाबाच्या जागीं थाप ज्यांच्या बोटांस सवयीची झाली होती, त्यांस तो स्पर्श परका वाटे. आवाज कमी झाला तो शेजारच्या खोलीच्या सोयीसाठीं. लिहिणाऱ्याची पावती त्याबरोबर पुसट झाली. हा झगडा तेव्हांपासून आजपर्यंत चालू आहे.

संगणक आला आणि पावतीचा प्रश्न मुळापासून बदलला. येथें खिळा नाहीं, फीत नाहीं, गाडी नाहीं. कळ केवळ एक विजेचा खटका आहे. आवाज होण्याचें कांहीं कारणच उरलें नाहीं. म्हणून जेथें आवाज ठेवला, तेथें तो मुद्दाम ठेवला, हें ध्यानांत घ्यावें. १९८१ सालच्या आय. बी. एम. कंपनीच्या संगणकाच्या, आणि १९८५ सालीं निघालेल्या तिच्या 'मॉडेल एम' नांवाच्या कळफलकांत प्रत्येक कळेखालीं एक बारीक उभी स्प्रिंग असे. दाबतां दाबतां ती एकाएकीं मध्यें वाकते. त्याच क्षणीं खालची लहान पट्टी कलते, खटका उडतो आणि अक्षराची नोंद होते. कान, बोट आणि यंत्र यांस एकाच क्षणीं खबर मिळते. टाइपरायटरवर वाढलेलीं बोटें कशानें निश्चिंत होतात, हें त्या कारागिरांस ठाऊक होतें.

परंतु अशी रचना महाग पडते. बाजार भरला तो रबराच्या टोप्यांच्या कळफलकांनीं. कळेखालीं रबराची लहानशी टोपी. ती दबून तळास टेकली म्हणजे खालचे दोन पडदे एकमेकांस भिडतात आणि नोंद होते. आवाज थोडा, किंमत थोडी, आणि स्पर्श ओल्या भाकरींत बोट रुतवावें तसा. नोंद झाली कीं नाहीं याची खात्री करण्यासाठीं कळ तळापर्यंत दाबावी लागते, आणि तरीही मन साशंक राहतें तें पडद्याकडे पाहतें. म्हणजे पावती पुन्हां डोळ्याकडे आली. बोरूच्या काळीं डोळा कागदावरच असे, म्हणून तें चालून गेलें. मसुदा एकीकडे आणि पडदा दुसरीकडे, अशा स्थितींत तीच गोष्ट जाचक होते.

दादांचा धंदा बसला तो याच ठिकाणीं. २००९ सालीं गोदरेजनें टाइपरायटर तयार करणें बंद केलें. पुढें पुढें कचेऱ्यांतही संगणकावर छापलेला कागदच लोक मागूं लागले. दादांनीं साठी जवळ आली असतां जुना संगणक घेतला. अक्षरांची रचना त्यांस अडली नाहीं. संगणकावर जुन्या टाइपरायटरचीच मराठी रचना ठेवण्याची सोय आहे. अडलें तें निराळेंच. मीं भेटावयास गेलों तों कळफलक पुढें ठेवून ते स्वस्थ बसलेले. म्हणाले, "भाऊ, मुकं शे हाई." अक्षर उमटलें कीं नाहीं हें कान सांगेनात, म्हणून ते जोरानें दाबीत, जोरानें दाबून धरलें कीं एकाचीं चार अक्षरें होत. प्रत्येक शब्दास मान वर, मान खालीं. ज्या माणसानें तीस वर्षें पक्षकाराच्या तोंडाकडे पाहत पाहत अर्ज लिहिला, त्यास एक पान लिहावयास तास लागूं लागला. गिऱ्हाइकें तरुण पोरांकडे गेलीं. दोन वर्षांत टेबल उठलें. लोक म्हणाले, म्हाताऱ्यास संगणक जमला नाहीं. मलाही तेव्हां तसेंच वाटलें होतें. त्यांची पावती हिरावली गेली होती, हें सूनबाईनें प्रश्न विचारीपर्यंत माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

आतां आजच्या खटक्यांचा विचार करूं. तेव्हां जर्मनींत कारखाने असलेल्या चेरी कंपनीनें १९८३ च्या सुमारास 'एम एक्स' नांवाचा खटका काढला. त्यांत प्रत्येक कळेस स्वतंत्र पेटी, स्वतंत्र स्प्रिंग आणि धातूचे दोन स्पर्शबिंदु असतात. पेटंटाची मुदत सरल्यावर चीनमधील गेटरॉन, काइल इत्यादि कंपन्याही तशाच धर्तीचे खटके करूं लागल्या, आणि म्हणून ते आपल्या गांवच्या दुकानांतही मिळूं लागले. दांडीच्या रंगावरून त्यांच्या जाति ओळखतात. मुख्य जाति तीन.

पहिली निळी. हिच्या दांडीवर एक लहान सुटी कडी असते. ती ठराविक जागीं उसळून खटका करते. बोटास उंचवटा लागतो आणि कानास आवाज येतो. दुसरी तपकिरी. हिच्या दांडीस केवळ एक बारीक उंचवटा असतो. बोटास तो जाणवतो, पण वेगळा खटका वाजत नाहीं. तिसरी लाल. हिची वाट वरपासून खालपर्यंत सरळ. कोठें अडत नाहीं, कांहीं सांगत नाहीं. चेरी कंपनीच्या आंकड्यांप्रमाणें लाल कळेस ४५, तपकिरीस ५५ आणि निळीस ६० सेंटिन्यूटन दाब लागतो. ढोबळ मानानें तितक्याच ग्रॅमांचें वजन बोटानें ठेवावें असें समजावें. कळेची सारी वाट ४ मिलिमीटर, आणि नोंद होते ती सुमारें निम्म्या वाटेवर.

या 'निम्म्या वाटे'त साऱ्या तंट्याचा निकाल आहे. नोंद निम्म्यावर होते, हें ज्या बोटास कळतें तें तळापर्यंत जात नाहीं. तें तेथूनच परत फिरतें. निळी कळ हें कानास आणि बोटास सांगते, तपकिरी केवळ बोटास सांगते, लाल कोणासच सांगत नाहीं. लाल कळ हलकी, म्हणून पुष्कळांस ती आरामाची वाटते, आणि खेळणाऱ्या मुलांस तर फार आवडते. पण नवशिका तिजवर तळापर्यंत आपटतो, आणि तळाची ती आपट खटक्याइतकीच दूर ऐकूं जाते. तेव्हां खटका नाहीं म्हणजे आवाज नाहीं, हा समज खोटा. कळफलकाचा पुष्कळसा आवाज तळावर आपटण्यानें आणि कळ परत वर येऊन थडकण्यानें होतो. हें जाणून कांहीं खटक्यांत दोन्ही टोकांस मऊ रबर बसवितात. टेबलावर जाड कापड घातलें तरीही फरक पडतो. आमच्या सरांच्या नमद्याचेंच हें नवें रूप.

स्वास्थ्याविषयीं दोन शब्द. अमुक रंगाचा खटका घेतला म्हणजे मनगटाचें दुखणें थांबेल, असें सांगणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. जुन्या टाइपरायटरच्या कळा जड होत्या, करंगळ्या रात्रीं ठणकत. पण त्या यंत्रानें दोन गोष्टी सक्तीनें शिकविल्या होत्या. एक, मनगट टेकवून लिहितांच येत नसे. हात उचललेला आणि बोटें वळलेलीं ठेवावीं लागत. दुसरी, प्रत्येक ओळीस गाडी ओढावी लागे आणि प्रत्येक पानास कागद बदलावा लागे. त्यांत हातास विसावा मिळे. संगणकानें हा विसावा काढून घेतला. तो आतां आपणच घ्यावयास हवा: अर्ध्या अर्ध्या तासानें उठावें, मनगट सरळ ठेवावें, कळफलक कोपराच्या उंचीस असावा. यानंतर खटक्याचा विचार. आणि तो दुकानांत एक कळ टिचकी मारून पाहून करूं नये. पानभर मजकूर लिहून पाहावा, आणि तो लिहीत असतां शेजारच्या खोलींत कोणास तरी बसवावें.

हें शेवटचें वाक्य मीं पंच म्हणून उच्चारलें, आणि त्याप्रमाणें घरीं प्रयोग केला. ओळखीच्यांकडून तीन जातींचे कळफलक एकेक दिवस मागून आणले. सूनबाई दार लावून लिही, आणि मी नातीच्या पाळण्यापाशीं बसें. निळ्यावर नात जागी झाली. लालवर झोपली, पण सूनबाईनें तासाभरानें बोटें चोळीत सांगितलें कीं, मन सारखें पडद्याकडे धांवतें. तपकिरी, आंत रबर बसविलेला आणि खालीं जाड कापड घातलेला, दोघींसही चालला. तिच्या बोटास पावती मिळाली आणि पाळण्यास झोप मिळाली. आवाज हवा कीं नको, या तिच्या प्रश्नाचें माझें उत्तर एवढेंच: पावती हवी, आणि रात्रीच्या वेळीं ती कानाऐवजीं बोटानें घ्यावी.

उरला निळा कळफलक. तो पिशवींत घालून मीं धुळ्यास नेला. दादांस आतां ऐकूं जरा कमी येतें. तें वयामुळें कीं तीस वर्षांच्या खडखडाटामुळें, कोण सांगणार? जुन्या संगणकास कळफलक जोडला, टाइपरायटरची रचना लावली, आणि लिहा म्हटलें. त्यांनीं एक कळ दाबली, थांबले, पुन्हां दाबली. मग खुर्ची पुढें ओढली, मनगटें उचललीं आणि पडद्याकडे न पाहतां, माझ्या तोंडाकडे पाहत, एका प्रतिज्ञापत्राचा सारा पाठ असलेला मायना लिहून काढला. छापून पाहिला तों दोन चुका. हल्लीं शेजारपाजारचीं माणसें अर्ज लिहून घ्यावयास त्यांच्या ओसरीवर येतात. खटखट दुपारभर चालते. शेजाऱ्यांची तक्रार अद्याप आलेली नाहीं.